जागा भरणे आहे

३ मार्च, सोमवार

ढब्बू राजा,

सगळ्यात आधी आले ते प्लास्टरवाले. काल लॅबवाल्यांना बोलावलं होतं जेवायला आणि साहेब हजर झाले माझ्या वेणीफणीच्या वेळेला. केस मोकळे, खांद्यावर टॉवेल, कवळी पेल्यात. मी दार उघडून तशीच उभी. दुसऱ्या कोणी नजर चुकवली असती. यांनी मान वाकडी करून आधी माझ्या हिरड्या बघून घेतल्या आणि मग हात जोडले. धंद्याची खोड, दुसरं काय. तुला तरी कुठे सुटलीय. मित्राची होणारी बायको पहिल्यांदा घरी आली, तर तू पाण्याच्या आधी तिला पुढच्या दाताचा रंग सांगितलास.

प्लास्टरवाले म्हणजे आपल्या पिटूच्या लॅबमधले. साचे ओततात. त्यांच्यामागून मेणवाली आली. ती दाताचा आकार मेणात कोरते. ही इथलीच, पिढ्यान्‌पिढ्या. आणि सगळ्यात शेवटी मालक, हातात केळ्यांचा घड, जसं काही मी आजारी आहे. मला त्यांची भाषा चार शब्दांपुरती येते, त्यांना माझी "जेवा" आणि "अजून". तेवढ्यात सगळं भागलं. उरलेलं पिटू सांगत होती, अर्धं इकडचं तिकडे आणि अर्धं गिळून. गिळलेलं मला कळतं. तिची हनुवटी हलते.

मालक म्हणाले, आमची लॅब म्हणजे एक कुटुंब, आमच्याकडून कोणी नोकरी सोडून जात नाही. प्लास्टरवाल्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पिटूच्या कानात काहीतरी पुटपुटले. मी तिला स्वयंपाकघरात गाठून विचारलं. ते म्हणाले होते, दार उघडंच असतं, पण बाहेर पायरी नाही. तेही व्हिसावरच आहेत ना, पिटूसारखे. नोकरी सुटली की देशात राहायची परवानगीच सुटते. म्हणून मालकांच्या खोलीतला दिवा विझेपर्यंत ही दोघं बाकावरून उठत नाहीत, आणि मेणवाली पाच वाजले की पर्स उचलते. वर पिटूला तोंडावर म्हणते, तू बसतेस म्हणून आम्ही आळशी दिसतो. पिटू हसते. मेणवालीला नाही म्हणता येतं, पिटूला येत नाही, तेवढाच दोघींत फरक. काम सारखंच. वाईट बाई नाही हो ती, माझा कांदा चिरून दिला तिने, आणि रडली नाही.

आता मोठी बातमी. पिटूचं व्हिसाचं हे शेवटचं वर्ष, जुलैत संपतं, आता आणखी वाढवून मिळत नाही. पण मालकांनी तिच्या कायमच्या कागदाची फाईल सुरू केलीय. ती पार पडली की ती इथेच राहणार, माझ्याजवळ. मालक पेला उंचावून म्हणाले, वर्ष संपेपर्यंत ही आमची झाली समजा. पिटूच्या हातातलं झाकण पडलं. मी नंतर खोदून विचारलं तर म्हणाली, आजी, त्यात मी नाक खुपसायचंच नसतं, तसा नियम आहे, सगळं वकील आणि मालक बघतात. बरं बाई, नको खुपसूस. माझ्या मनात मात्र कालपासून ढोल वाजतोय.

आणि आता तुझं. इथे आपल्या भाषेतलं एक चार पानी साप्ताहिक निघतं, वाण्याच्या दुकानात फुकट ठेवलेलं असतं. कोणी वाचत नाही. लोक त्यात भाजी गुंडाळतात. मी वाचते, बोट ठेवून, पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत, कारण या घरात मला वाचता येईल असं तेवढंच आहे. शेवटच्या पानावर, हरवलेलं मांजर आणि गाद्यांचं दुकान यांच्या मधोमध, लिहिलं होतं: जागा भरणे आहे. डेंटल लॅबसाठी कारागीर. पोर्सेलिनचे थर हाताने देण्याचा आठ वर्षांचा अनुभव. पूर्ण कवळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता यायला हवी. परदेशातल्या शाखेशी बोलण्यासाठी आपली भाषा लिहिता-वाचता यायला हवी. लॅबचं नाव नाही, नुसता टपालपेटीचा नंबर.

मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला तूच दिसलास. इथे जन्मलेला, हातात ही कला, आणि आपली अक्षरं येणारा दुसरा कोण आहे सांग. तुझे आईबाबा शिफ्टला जायचे आणि आपण दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरली की तिच्यावर बाराखडी काढायचो. त्याचा आज असा उपयोग व्हायचा होता. कात्रीने कापून सोबत पाठवते आहे. अर्ज कर. दोन वर्षं झाली तुला घरी बसून.

पिटूला सांगितलेलं नाही. तुझं नाव निघालं की ती ताटात मीठ शोधायला लागते. तुझ्या लॅबने तुझ्याकडून दोघा व्हिसावाल्यांना काम शिकवून घेतलं आणि मग तुलाच घरी पाठवलं, ते दुःख मला कळतं. पण त्या दिवशी तू माझ्या टेबलावर तिला म्हणालास, तुम्ही स्वस्तात येता म्हणून आम्ही घरी बसतो. तिला, ढब्बू. तुझ्या आत्याच्या लेकीला, जिला पहिलं मेण आणि पहिली कोरणी तू पार्सलने धाडलीस, जिने तुझं बघून हा धंदा घेतला. जाऊ दे. जवळ ये, कामाला लाग, मग मी दोघांचे कान धरून एका जागी बसवते.

आजी


२७ मार्च, गुरुवार, रात्र

ढब्बू,

तुझं ताट झाकून ठेवलंय. त्याच्याकडे बघतच लिहिते आहे.

तुझं कार्ड आलं तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नव्हते. गुरुवारी मुलाखत, आणि तीही आमच्याच गावात. कोणाच्या लॅबमध्ये ते तू लिहिलं नव्हतंस, मला तरी कुठे त्या नावांतलं कळतंय. पिटूपासून कार्ड पिठाच्या डब्याखाली लपवलं. पोटात काही ठेवायची सवय नाही मला, हे दिवस कसे काढले माझं मला माहीत.

आणि आज पोरगी आली ती वाऱ्यासारखी. एक बूट दारात, दुसरा आत, पिशवी खुर्चीवर. म्हणाली, आजी, दादा आला होता, माझ्या लॅबमध्ये. मी म्हटलं, कोण दादा, कसला दादा. मला नाटक जमतं हं अजून. तर म्हणे ती बाकावर बसली होती, एका बाईच्या पुढच्या दाताला थर देत होती, आणि काचेच्या पलीकडे मालक आणि वकिलांबरोबर तू. वाळलायस म्हणाली. टायला गाठ वाकडी होती म्हणाली. तिने हातमोजे काढले, केस सारखे केले, हात हलवला. तू बघितलंस आणि मान हलवलीस. तेवढ्यात मालकांनी दार लावून घेतलं. ही बाहेर येऊन बराच वेळ उभी होती, पण भट्टीत दात होता, करपला असता, म्हणून आत गेली. परत येते तर तू निघून गेलेला. मालकांनी बडबडीत अडकवलं असणार त्याला, असं तीच म्हणाली. मी ओट्याकडे तोंड करून हसत उभी राहिले. म्हणजे जाहिरातवाली लॅब ती हीच. दोन नातवंडं, एक लॅब, शेजारी शेजारी बाक. देव आहे म्हणायचा.

ती बाजारात परत गेली, तुला आवडतं म्हणून दही घेऊन आली. तीन ताटं तिनेच मांडली. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव घेताना हनुवटी हलली नाही. मध्येच उठून आरशात बघून आली. मला म्हणाली, मी काही बोलणार नाही त्याला, मागचं काढायचंच नाही.

वाट बघून आम्ही जेवलो. बस चुकली असेल तुझी. रात्री वेळेवर नसतात त्या बसा. पिटू म्हणाली, झाकून ठेव, उशिरा येईल. आता ती झोपलीय, दिवा मात्र बाहेरचा चालू ठेवलाय तिने.

आजी


१९ एप्रिल, शनिवार

ढब्बू,

तू का आला नाहीस ते मी आता विचारत नाही.

सोमवारी पिटू लवकर घरी आली. उजेडात आलेली बघून मी खूश झाले, म्हटलं आज मालकांना पाझर फुटला. ती बूट घालूनच खुर्चीवर बसली. मी चहा ठेवला, तो तिच्यासमोर निवला, मी दुसरा ठेवला. मग तिने सांगितलं. मला दोनदा सांगावं लागलं तिला, आणि दुसऱ्यांदा सांगताना ती हळू बोलली, जसं लहान मुलाला सांगतात.

कायमचा कागद हवा तर मालकाला आधी दाखवावं लागतं की या कामाला इथला माणूस मिळत नाही. म्हणून जाहिरात द्यायची. जागा रिकामी नसतेच, ज्याच्यासाठी कागद काढायचा ते माणूस तिच्यावर आधीच बसलेलं असतं. जाहिरात अशी लिहायची की त्या बसलेल्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणाला ती लागू पडू नये, आणि अशा ठिकाणी छापायची की कोणी वाचू नये. सगळ्या लॅबा असंच करतात म्हणे. वकिलांनी आपली भाषा मुद्दाम घातली, की ती येणारा इथला कारागीर कुठून यायचा. आणि सगळ्यात कोपऱ्यातलं साप्ताहिक शोधून काढलं.

ती पिटूचीच जागा होती, ढब्बू. मी कापून पाठवली ती पिटूची जागा होती.

आता नियम असा की लायक माणूस एकदा समोर आला की फाईल थांबवायची. तू लायक निघालास. मालक तिला म्हणाले, तुझ्या भावाचा हात तुझ्यासारखाच आहे, बघून थक्क झालो. कौतुक केलं म्हणे. आणि तुला काम द्यायलाच हवं असा काही नियम नाही. जागा रिकामीच नव्हती, तर देणार काय. म्हणजे तिला नाही आणि तुलाही नाही. वकिलांची फी तेवढी चुकली नाही.

मी तिला म्हटलं, त्याला काय ठाऊक, बिनानावाची जाहिरात ती. पिटू म्हणाली, दादाला अशा जाहिराती ओळखता येतात, त्याच्या लॅबमध्येही निघायच्या. कोणाची तरी जागा आहे हे त्याला पहिल्या ओळीतच कळलं असणार, आणि कोणाची ते काचेतून. मग म्हणाली,

"आजी, मला वाटलं दादा मला भेटायला आला."

एवढंच. रडली नाही. बूट काढून जागेवर ठेवले आणि ताटं धुवायला लागली, ती आधीच धुतलेली होती.

तुझं चुकलं असं मी लिहीत नाही. दोन वर्षं घरी बसलेल्या माणसाच्या हातात जाहिरात आली, छापील आली, आजीने आशीर्वादासकट धाडलेली आली. तू तिथे पोचलास, खुर्ची दिली त्यांनी, हातात कोरणी दिली, किती दिवसांनी. मी असते तर उठले असते का, मला सांगता येत नाही. नाटक मांडणारे कुटुंब कुटुंब म्हणत सुखात जेवतायत आणि माझी दोन पोरं एकमेकांकडे काचेतून बघतायत, याचाच मला संताप येतो, आणि तो काढायला इथे माझ्या भाषेचं कोणी नाही.

एक कर. त्यांना लिही की मला ही जागा नको. आजच लिही. तुला कुठेतरी काम मिळेल, तू इथला आहेस, तुला कोणी या देशातून ऊठ म्हणणार नाही. तिचं हे शेवटचं वर्ष आहे.

जाहिरात मी पाठवली हे पिटूला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतंय तुझी तुला मिळाली. तीन रात्री ठरवते आणि सकाळी तिच्या डब्यात पोळ्या ठेवते, की आज कामावर जाऊ दे, संध्याकाळी सांगू.

आजी


९ जून, सोमवार

ढब्बू,

तू लिहिलंस, मला कळलं. प्लास्टरवाल्यांनी मालकांच्या टेबलावर तुझं पाकीट बघितलं, त्यांनी पिटूला सांगितलं, पिटूने मला. तू शब्द पाळलास. पण वकील म्हणाले उपयोग नाही. लायक माणूस एकदा दिसला तो दिसला, न दिसल्यासारखं करता येत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला थांबावं लागेल, आणि तिच्या व्हिसाला तेवढा दम नाही. मालकांनी दोन्ही हात पसरून दाखवले म्हणे. मग विचारलं, जाण्याआधी नव्या माणसाला थर देणं शिकवशील ना.

शिकवणार आहे ती. मी म्हटलं, कशाला शिकवतेस, दे सोडून. म्हणाली, आजी, शेवटच्या दिवसापर्यंत माझा व्हिसा त्यांच्याच हातात आहे. तुला हे ऐकून काय वाटेल ते मी लिहिताना माझ्या मनात आलं. तुझ्याकडूनही असंच शिकवून घेतलं होतं.

मेणवाली आली होती परवा, एकटीच. पाच वाजता पर्स उचलणारी बाई, पिटूच्या बाकाशी रोज सात-सात वाजेपर्यंत बसते आता. का, तर काही नाही, नुसती बसते. माझ्यापुढे पुष्कळ बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण शिव्या होत्या, आणि पिटूला नव्हत्या.

आता जे सांगायचं ते. काल कपडे घड्या करताना मी पिटूला म्हटलं, एक बोलायचंय. ती म्हणाली, नको बोलूस. म्हटलं, तुला माहीत नाही काय ते. तर म्हणाली, रद्दी मीच टाकते आजी, चौकोन कापलेला पेपर मी मार्चमध्येच बघितला होता. तेव्हा काय कापलंस कळलं नाही, नंतर कळलं.

म्हणजे इतके दिवस पोरगी माझ्या हातचं जेवत होती आणि गप्प होती. मी विचारलं, मग रागावली का नाहीस. म्हणाली, तुझ्यावर रागावले असते तर रात्री बोलले कोणाशी असते?

मी तिच्याबरोबर परत जायला निघाले होते. पेटी काढली होती माळ्यावरून. तिने ती परत वर ठेवली. तिकडे तुझ्या आत्याचं घर दोन खोल्यांचं आणि तीन जिने वर, माझे गुडघे, हे सगळं मोजून दाखवलं. मी म्हटलं, गुडघे गेले खड्ड्यात. मग खरं बोलली. म्हणाली, "तू इथे राहा. दादा एकटा आहे."

तुला मी हे सांगू नये असं तिने बजावलंय. मी सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही.

आजी


४ ऑगस्ट, सोमवार

ढब्बू,

काल मेणवाली आली आणि तिच्यामागे एक पोरगी. मला वाटलं भाचीबिची असेल. तर तोंड उघडलं आणि आपली भाषा. मी तिचा दंडच धरला. पिटू गेल्यापासून आपल्या भाषेतलं बोलणं फोनवरच. तेही ती झोपाळलेली असते आणि मी बहिरी.

पिटूच्या बाकावर घेतलंय हिला. तिकडच्या शाखेतून आणलं, नवीन व्हिसा, सहा वर्षं हातात. दोन आठवडे पिटूच्या हाताखाली शिकली म्हणे, पिटूताईंनी एकदाही आवाज चढवला नाही म्हणाली. पिटूने तिला माझा पत्ता दिला. आजींकडे एक खोली आहे, उन्हाची आहे, विचारून बघ, असं सांगितलं. स्वतः जाताना. मला कळवलं नाही.

पोरगी गोड आहे रे. वाईट वाटावं असं तिच्यात काही सापडेना, मी शोधलं. माझी कवळी मागून घेतली, उजेडात धरली आणि म्हणाली, ही पिटूताईंनी केलीय ना, कळतं. मग आपणहून पेला विसळून त्यात ठेवली. सारखी हसते. चालते पण नाचल्यासारखी. मला सांगत होती, मालक फार चांगले आहेत आजी, पहिल्याच दिवशी म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत. दोन-तीन वर्षं नीट काम केलं की कायमच्या कागदाची फाईल सुरू करतो म्हणाले. मेणवालीला भाषा कळत नव्हती, पण ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली.

मी तिला म्हटलं, चहात साखर किती.

तिने खोली बघितली. पिटूची चादर तशीच आहे, मी बदललेली नाही. भिंतीला हात लावून बघितला, खिडकी उघडली, लावली, मला विचारलं, इथे एक लहान टेबल मावेल का, रात्री सराव करायला. मी म्हटलं, मावेल. तोंडून गेलं. नको म्हणायचं म्हणून रात्रभर मनाशी घोकलं असतं तरी गेलंच असतं.

तुझी तीन पत्रं माझ्याकडे आहेत. प्रत्येकात येतो म्हणतोस आणि खाली लिहितोस, कोणत्या तोंडाने येऊ. तोंड घेऊनच ये, दुसरं काय घेऊन येतोस. मला तुझ्याकडून काही वदवून घ्यायचं नाही. पिटूच्या खोलीत जरा बैस. तिच्या बाकावर बसलास तसा नव्हे, नुसता बैस, कॉटच्या कडेला. उशीला अजून तिच्या तेलाचा वास आहे. मग तिला फोन लाव, माझ्यासमोर लाव, ती उचलेल. तिला मी ओळखते, ती आधी तुझं जेवण झालं का ते विचारेल.

पण शनिवारपर्यंत ये. नंतर ती खोली तिची राहणार नाही. मेणवाली गाडी आणणार आहे, पोरीचं सामान थोडंच आहे, एक बॅग आणि कोरण्यांचा डबा. रविवारी सकाळी येतो म्हणाल्या दोघी.

आजी